पंखा स्वयंपाकघरातून लागतो

वायरमनने नवा शर्ट खाली ओढला आणि बेलचं बटण दाबलं. बेल वाजली नाही. आतून कुठून तरी एक बाई ओरडली, "कोणीतरी आलंय!" आणि दार उघडलं.

दारात धाकटी होती. हिलाच मागणी घालायला तो आला होता.

"ती आत्या," धाकटी कुजबुजली. "बटण दाबलं की बाथरूममधला दिवा लागतो. पाहुणे यायचे असले की आम्ही तिला आत बसवतो."

घरातलं वायरिंग बाबांनी स्वतःच्या हाताने केलं होतं. बाबा निवृत्त पोस्टमास्तर. आयुष्यभर त्यांनी लोकांची पत्रं बिनचूक पोचवली, वीज कुठे पोचवायची यात मात्र त्यांचा पार घोळ झाला होता. बाथरूमचं बटण दाबलं की स्वयंपाकघरात उजेड पडायचा, स्वयंपाकघरातलं दाबलं की बैठकीतला पंखा फिरायचा आणि पंख्याचं दाबलं की बेल वाजायची. घराच्या हे अंगवळणी पडलं होतं. नियम एकच: बाहेरच्या माणसाने इथे स्क्रू ड्रायव्हर लावायचा नाही. सख्ख्या मेहुण्याने एकदा एक स्क्रू पिळला, तर बाबांनी त्याच्याशी बोलणंच टाकलं होतं.

"हात खिशात ठेव," धाकटीने बजावलं. "काही दुरुस्त केलंस तर लग्न विसर."

"या, बसा," बाबा म्हणाले. "उकडतंय ना? अगं, पंखा!"

आईने आतून पंखा लावला. वायरमनने मान वाकडी करून आत पाहिलं. आईने बटण लाकडी पळीने दाबलं होतं.

चहाला साखर नव्हती, म्हणून बाबा कोपऱ्यावरच्या दुकानात गेले.

"काकू, पळीने का?"

"झटका बसतो रे. फार नाही. कोपरापर्यंतच."

बिचाऱ्याने हात खिशात आणखी खोल कोंबले. खिशात टेस्टर होता. संपलंच सगळं! मेन स्विच बंद करून त्याने जळकी वायर काढली आणि नवी जोडली. शहाण्याने इथे थांबावं की नाही? पण चारही बटणांच्या तारा एकाच डब्यात गुरफटलेल्या दिसल्यावर त्याचे हात कसले थांबतात! त्याने सगळ्या तारा ज्या त्या बटणाला बरोबर लावून टाकल्या आणि मेन स्विच पुन्हा चालू केला. धाकटी कपाळाला हात लावून बसली.

तेवढ्यात टिंग टाँग झालं.

"पंखा कोणी लावला गं?" आई म्हणाली.

पुन्हा टिंग टाँग.

"अरे, बंद करा तो पंखा!" बाथरूमच्या अंधारातून आत्या खेकसली.

दार कोणीच उघडेना. शेवटी बाबांनी दोन्ही हातांनी दार बडवलं, तेव्हा ते आत आले. त्यांनी बेलकडे पाहिलं, मग डब्याकडे, मग वायरमनकडे.

"मी केलं," वायरमन म्हणाला.

"तुम्ही निघा," बाबा म्हणाले.

धाकटीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. पण आईने पळी खाली ठेवली आणि स्वयंपाकघरातलं बटण बोटाने दाबलं. पुन्हा दाबलं. लहान मुलीसारखी ती दाबतच राहिली.

"काय चाललंय तुझं?"

"सोळा वर्षांत पहिल्यांदा झटका नाही बसला."

बाबा मटकन खाली बसले. साखरेची पुडी हातातच राहिली. "तुला झटका बसायचा? आणि तू बोलली नाहीस?"

"तुम्ही इतक्या हौसेनं केलं होतंत."

बाबांना फार वाईट वाटलं. त्यांनी एकदा पळीकडे पाहिलं. मग उठले, कपाटातून आपला लाकडी मुठीचा स्क्रू ड्रायव्हर काढला आणि वायरमनपुढे धरला.

"झटका गेला तो जाऊच दे. बाकी सगळं होतं तसं लाव. या वयात आम्हाला नवं घर पाठ व्हायचं नाही."

"पण काका, तुमचा नियम..."

"नियम मला माहीत आहे. तू धर."

ते 'तू' ऐकून धाकटीने आईला घट्ट मिठी मारली.

चुकीचं वायरिंग बरोब्बर चुकीचं लावायला दोन तास गेले. बाबा शेजारी उभे राहून एकेक तार हट्टाने चुकवून घेत होते. शेवटी आत्या आपल्या जागी जाऊन बसली आणि वायरमनने बाहेर जाऊन बटण दाबलं.

"कोणीतरी आलंय!" आत्या ओरडली.

"कोणी नाही गं," बाबा दार उघडायला जाता जाता म्हणाले. "घरचाच आहे."