आकाशातून न पडलेला दगड

“दगड डोळ्यांनी बघायचा, पोरी, कानांनी नाही. विकणारा दगडापेक्षा जास्त बोलायला लागला, की आपण आपली पिशवी उचलायची.”

चष्मेवाले आजोबा हे तिच्या कानाशी पुटपुटले, तेव्हा ती हसली होती. “आजोबा, तुम्हाला हल्ली सगळेच चोर दिसतात. स्वतःचा नंबर तपासून घ्या एकदा,” असं म्हणून ती गर्दीतून वाट काढत पुढे घुसली होती.

आणि गर्दी तरी केवढी! वाचनालयाच्या वरच्या मजल्यावरची ती खोली एरवी रविवारी सकाळी अर्धी रिकामी असायची. उल्का जमवणारे पंधरा-वीस हौशी लोक तिथे भेटायचे. आकाशातून पडलेले दगड कापसात गुंडाळून आणायचे, वजन करायचे, चुंबक लावून बघायचे, अदलाबदल करायचे आणि ‘ही उल्का नव्हे, हा रस्त्यावरचा धोंडा आहे’ यावरून चहा गार होईपर्यंत भांडायचे. चष्म्याच्या काचा घासण्यात आयुष्य घालवलेले आजोबा त्यांतले सर्वांत जुने. ती सर्वांत तरुण. गळ्यात कायम भिंग लटकवून फिरते म्हणून सगळे तिला भिंगवाली म्हणत. विज्ञानाची पदवी, माती तपासायच्या प्रयोगशाळेत नोकरी, घरी चार वर्षांची चिमी. बाईचा स्वभाव असा, की गॅस बंद केला का हे बघायला जिन्यावरून तीनदा परत जाईल.

गेले दोन महिने मात्र त्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. ज्यांना उल्का आणि उलथणं यांतला फरक ठाऊक नव्हता, असे लोक जिन्यापर्यंत उभे असत. कारण एकच, नभदादा.

राखाडी कोट, चापून बसवलेले केस आणि तूप लावलेला आवाज. हिरव्या मखमलीचं आवरण घातलेल्या टेबलामागे तो बसायचा आणि तोंडाचा पट्टा सोडायचा. “हा दगड साडेचार अब्ज वर्षं तप करतोय! आणि आपल्याला दहा मिनिटं बस आली नाही तर धीर सुटतो! ताई, दगड तुम्ही निवडत नाही. दगड तुम्हाला निवडतो.”

मग तो एक लाकडी पेटी उघडायचा आणि आतला काळा कुळकुळीत दगड पहिल्या रांगेतल्या बाईच्या हातावर ठेवायचा.

“अगंबाई! गरम आहे हो हा!”

“असणारच. आकाशाची धग आहे ती. विझत नाही. दुखणं ओढून घेते.”

दगड हातोहात फिरायचा, माणसं डोळे मिटून घ्यायची. त्यानंतर मुख्य चमत्कार. पितळी ताटलीत दगड ठेवून नभदादा दोन्ही हात वर करायचा, कोपरापर्यंत बाह्या सारून, हातचलाखी नाही हे दिसावं म्हणून. त्या रविवारी समोर पाठदुखीने वाकलेली एक टंकलेखिका बसली होती. क्षणभर काहीच नाही. मग दगड थरथरला, सावकाश वळला आणि ताटलीवर खरखरत थेट तिच्या दिशेने सरकला. खोलीभर एकच सुस्कारा! टंकलेखिकेच्या डोळ्यांना धारा लागल्या.

भिंगवालीला औषध नको होतं. तिला भुरळ पडली ती दगडाच्या सालीची. उल्का हवेतून कोसळताना वरून वितळते आणि तिच्यावर काळी, कागदासारखी पातळ साल धरते. सगळीकडून अखंड साल असलेला दगड जमवणाऱ्यांना जन्मात एखादाच मिळतो. तो आत कसा आहे हे बघायचं, तर एका कोपऱ्यावर कानस चालवून नखाएवढी खिडकी पाडावी लागते आणि सालीचं सौंदर्य जातं. त्यातून या मंडळींचा एक न लिहिलेला नियम होता: दुसऱ्याच्या दगडाला त्याने सांगितल्याशिवाय कानस लावायची नाही. नभदादाने तो नियम पहिल्याच दिवशी हेरला होता. “दगडाला जखम कराल, तर त्यातली शक्ती वाहून जाईल,” असं तो सांगायचा आणि इतकी शिकलीसवरली हौशी मंडळी, केवळ सभ्यपणापायी, माना डोलवायची. दोन महिन्यांत एकानेही एकाही दगडाच्या आत डोकावून पाहिलं नाही.

तिने चुंबक लावला. चिकटला. तेवढ्यावर तिने नभदादाच्या वहीत नाव-पत्ता लिहून दगड घेतला. पेटीत एक छापील चिठ्ठी होती. ती वाचून तिला हसू आलं. पेटी कपाटात ठेवून ती चिमीचे मोजे शोधायला लागली.

एकोणीस दिवसांनी, भर दुपारी, प्रयोगशाळेत फोन आला.

चिमीला तान्ही असल्यापासून फिट यायच्या. दोन वर्षं सकाळ-संध्याकाळ एक सिरप चालू होतं आणि त्या दोन वर्षांत एकही फिट आली नव्हती. आज मात्र जेवताजेवता पोर ताठ झाली, ओठ निळे पडले. दवाखान्यात पोहोचेपर्यंत अकरा मिनिटं गेली होती.

डॉक्टरीणबाई अतिदक्षता विभागाच्या दारात तिला म्हणाल्या, “औषध चुकवलंत का?”

“छे! एकदाही नाही. सकाळचं मी, संध्याकाळचं… नाही, हल्ली दोन्ही वेळेला आईच देते. माझी ड्यूटी लवकरची झाली ना.”

“रक्तात औषध नावालाही नाहीये. मला खरं सांगा.”

आई बाकावर बसली होती, पदराचं टोक बोटाला गुंडाळत, सोडत, पुन्हा गुंडाळत.

“आई?”

“मी पाणी देत होते गं.”

“कसलं पाणी?”

“तुझ्या दगडाचं. चिठ्ठीत लिहिलंय ना… दगड पाण्यात ठेवायचा, ते नभजल उपाशीपोटी द्यायचं. आणि औषधाचं विष त्याबरोबर चालत नाही म्हणून…”

“म्हणून सिरप?”

“मोरीत ओतलं. रोजचं रोज. बाटली कमी झालेली दिसावी म्हणून.” आईने मान वर केली. “माझ्यावर ओरडू नकोस. तूच आणलास तो घरात. मी म्हटलं, माझी मुलगी शिकलेली आहे, दिवसभर माती तपासते, ती काय उगाच आणेल?”

आईला काय बोलणार? आईने तिच्यावर विश्वास ठेवला होता, एवढाच आईचा गुन्हा.

चिमीने दुसऱ्या दिवशी डोळे उघडले आणि तिसऱ्या दिवशी जेली मागितली. तोवर भिंगवाली रडून मोकळी झाली होती आणि रडण्याच्या जागी दुसरंच काहीतरी येऊन बसलं होतं. तिला नभदादा पळालेला नको होता. तिला तो त्याच टेबलामागे, त्याच गर्दीसमोर, बसलेला हवा होता.

दगड आता तिचा होता. कोणाला विचारायचं कारण नव्हतं. स्वयंपाकघराच्या ओट्यावर जुनं फडकं टाकून तिने कानस काढली. आधी कापसावर नखांचा रंग पुसायचं द्रव घेऊन ती अखंड साल चोळली. कापूस काळा झाला. रंग! शेगडीला मारतात तसला काळा रंग. मग तिने खिडकी पाडली आणि भिंग डोळ्याला लावलं. आत बुडबुडे होते. पावासारखे, एकाला एक लागून, शेकड्याने. खऱ्या उल्केत असे बुडबुडे जवळपास कधीच सापडत नाहीत. हे तिला पहिल्या वर्षापासून पाठ होतं. पाठ होतं आणि बघितलं नव्हतं.

शहराबाहेरच्या ओतकाम कारखान्यातल्या फोरमनने दगड हातात घेऊन उलटासुलटा केला आणि तो हसत सुटला. “बाई, हा आमच्या भट्टीचा मळ. लोखंड वितळलं की वर साय येते, ती आम्ही मागे फेकतो. त्यात लोखंडाचे थेंब राहतात, म्हणून चुंबक धरतो. राखाडी कोटवाला एक माणूस येतो, पोत्याने नेतो. म्हणाला, बागेत वाट करायचीय.”

“लांबलचक वाट दिसतेय,” ती म्हणाली. “मला तुमच्याकडचा लोखंडाचा कीस मिळेल का? अगदी बारीक. एक डबाभर.”

ती आजोबांकडे गेली, सगळं सांगितलं. चमत्काराच्या दिवशी काय काय दिसलं ते पुन्हा आठवलं. नभदादाचे हात वर होते, बाह्या मागे होत्या, सगळ्या खोलीचे डोळे हातांवर होते. मग टेबलाखाली कोण बघत होतं? आणि पेटीच्या अस्तरात?

आजोबा म्हणाले, “त्याला बाजूला घेऊन सांगू या का? निमूट निघून जाईल.”

“आणि दुसऱ्या गावात दुसरी चिमी शोधेल. नाही आजोबा. बाजूला नाही. मधोमध.”

रविवारी ती पहिल्या रांगेत बसली, आईला शेजारी घेऊन. नभदादाने तिला ओळखलं. “या ताई! घरी सगळे कसे आहेत? आमचं नभजल चालू आहे ना?”

“चालू होतं,” ती म्हणाली. “मुलीला देत होतो, तिच्याचसाठी आलेय. दगडाला विचाराल का, पुढे काय करायचं?”

गर्दी हळहळली. नभदादा फुलून आला. आजारी पोरीच्या आईला गिऱ्हाइकांसमोर रडताना दाखवायची अशी संधी कोण सोडतो! पितळी ताटली आली, दगड आला, दोन्ही हात वर गेले.

तिने पर्समधून चिमीचं खेळण्यातलं होकायंत्र काढून टेबलावर ठेवलं.

“हे काय, ताई?”

“काही नाही. उत्तर कुठे आहे ते बघतेय.”

दगड थरथरला आणि तिच्याकडे वळला. होकायंत्राची सुईही वळली, पण उत्तरेकडे नाही. सुईने टेबलाखालच्या नभदादाच्या उजव्या गुडघ्याकडे बोट दाखवलं. तो चपापून उजवीकडे सरला, सुई उजवीकडे. त्याने पाय डावीकडे घेतला, सुई डावीकडे. मागच्या रांगेतून कोणीतरी फिसकन हसलं.

“यंत्र बिघडलंय,” तो म्हणाला. “ब्रह्मांडाची स्पंदनं एवढी तीव्र असतात की…”

“स्पंदनं गुडघ्यात असतात का रे?”

‘तुम्ही’वरून ती ‘तू’वर उतरली, तसे मागचे लोक बघायला पुढे सरकले. तो उठला. त्याचीच ती वाट बघत होती. डब्याचं झाकण आधीच सैल केलेलं होतं. तिने अख्खा डबा त्याच्या पायांवर रिकामा केला.

बाकीचा कीस जमिनीवर सांडला. उजव्या गुडघ्यावरचा सांडला नाही. तिथे तो उभा राहिला, ताठ, काळा, केसाळ. नभदादाच्या गुडघ्याला दाढी फुटली होती. तो ती झटकायला गेला, तर दाढी हाताला लागून आणखी पिंजारली.

खोली हसून हसून फुटायची बाकी राहिली. ती मात्र हसली नाही. तिने दगडाची लाकडी पेटी उचलली, आतलं अस्तर टराटर फाडलं आणि आतली एक चपटी पुडी वर धरली.

“ही तुझी आकाशाची धग. बर्फात फिरणारे लोक हात शेकायला खिशात ठेवतात ती पुडी. आत लोखंडाची पूड असते. हवा लागली की ती भराभर गंजते, आणि गंजताना गरम होते. खरी उल्का गरम पडतच नाही. वरचा पापुद्रा वितळून उडून जातो, आतला दगड अवकाशासारखाच थंड राहतो. आणि हा तर अवकाशातलाही नाही. भट्टीमागच्या उकिरड्यावरचा आहे. गुडघ्याला चुंबक बांधलाय, टेबलाची फळी पातळ आहे, बस्स, एवढंच तुझं ब्रह्मांड!”

टंकलेखिका उठली. “पण माझी पाठ… माझी पाठ खरंच बरी वाटते हो.”

“बरी वाटत असेल, बाई. दोन महिने तुमची कोणीतरी आपुलकीने चौकशी केली. आणि दुखणं आपसूक कमी-जास्तही होतं. पण पाठ दुखली तर माणूस मरत नाही. ज्याचं औषध थांबलं तर जीवच जातो, त्याचं काय?”

“मी कोणालाही औषध थांबवायला सांगितलेलं नाही!” नभदादा ओरडला. आवाजातलं तूप आता पार वितळलं होतं.

तेव्हा तिच्या आईने कमरेची चिठ्ठी काढली आणि मोठ्याने, एकेक अक्षर लावत वाचली. “‘औषधाचं विष व नभजल एकत्र घेऊ नये.’ हे तुम्हीच छापलंत ना? मी वाचलं आणि नातीचं सिरप मोरीत ओतलं. अकरा मिनिटं तडफडली ती.”

हसू जागच्या जागी विझलं. कोणीतरी जिन्याचं दार लावून घेतलं. आजोबा नभदादाजवळ गेले आणि त्यांनी हात पुढे केला. “वही दे. कोणाकोणाला दगड दिलास, ती.”

तो दाराकडे बघत राहिला. मग त्याने वही दिली. पोलीस येईपर्यंत त्याला त्याच टेबलामागे बसवलं होतं, दाढीसकट. तिने ती झाडू दिली नाही.

वहीत त्र्याहत्तर पत्ते होते. पुढच्या आठवड्यात उल्कावाल्या मंडळींनी दगड सोडले आणि दारं वाजवली. नऊ जणांनी औषध बंद केलं होतं. रक्तदाबाची गोळी, साखरेचं इंजेक्शन, हृदयाची गोळी. आठ जणांची औषधं पुन्हा सुरू झाली. नववा पत्ता एका निवृत्त टपालवाल्याचा. त्याच्या दाराला कुलूप होतं आणि शेजारीण म्हणाली, “उशीर केलात हो. परवाच नेलं त्यांना.” त्या दिवसापासून भिंगवालीचा राग निवलेला नाही, आणि तो निवावा असं तिला वाटतही नाही.

बाकी युक्त्या सगळ्या तुम्हाला सांगून झाल्या. चुंबक, पुडी, रंग. उद्याचा ठग दुसऱ्या आणेल, दगडाऐवजी पाणी असेल, तार असेल, प्रकाश असेल. त्या युक्त्या आधीच ओळखणं प्रत्येकाला जमेलच असं नाही. पण एक गोष्ट कोणालाही जमते. तुमच्या घरात, वरच्या मजल्यावर, समोरच्या दारामागे असं एखादं माणूस नक्की आहे, जे हल्ली फार खूश आहे आणि ‘आता मला गोळ्यांची गरजच नाही’ म्हणतंय. त्याच्याशी चमत्कारावर वाद घालू नका. पुस्तक खाली ठेवा, जाऊन त्याचं दार वाजवा आणि एवढंच विचारा, “आज सकाळची गोळी घेतलीत का?” आणि घेतली म्हणाले, तर पाकीट दाखवा म्हणा.