ह्यांच्या फोनमधली माणसं

हल्ली ह्यांचा फोन वाजला की तो उचलूच नये असं मला वाटतं. खरं तर तो फोन म्हणजेच आमची रोजीरोटी. हे, म्हणजे ढुंढिराज, महाराष्ट्रातून काशीला येणाऱ्या यजमानांची श्राद्धं चालवतात आणि त्या मंडळींचा स्वयंपाक मी करते. वाई, सांगली, नगर, कुठकुठची घरं त्या फोनमध्ये आहेत. प्रत्येक नावापुढे त्या घरातल्या गेलेल्या माणसाची तिथी. तिथी जवळ आली की हे स्वतः फोन करून आठवण देतात.

यंदा चैत्रात एक मोठी मंडळी यायची होती. तूप-तांदूळ भरायला हातात पैसे नव्हते, म्हणून ह्यांनी मला न विचारता फोनवरच्या कुठल्याशा अ‍ॅपकडून आठवड्याच्या बोलीवर कर्ज उचललं. अ‍ॅपने विचारलं, तुमच्या फोनमधले नंबर बघू का? ह्यांनी 'हो' दाबलं. एका शब्दावरून ब्रह्मा घाटाच्या शास्त्र्यांशी तासभर भांडणारा माणूस, इथे वाचायचीही तसदी घेतली नाही! मंडळींचं येणं लांबलं, आठवडा संपला आणि कर्ज दुप्पट झालं.

आज सकाळी पुन्हा फोन आला. "पंडितजी, शाम पाँच बजे तक पैसा नहीं आया, तो आपके सारे जजमान जान जाएँगे कि आप चोर हैं." बोलणारा हसत होता.

ह्यांनी जेवण अर्ध्यावरच टाकलं. ताट सरकवून ते दुसऱ्या अ‍ॅपकडून कर्ज काढायला बसले, पहिलं फेडायला! मी फोन हिसकावून घेतला आणि माझी भाची सुमेधा बँकेत आहे, तिला लावला.

"काका, एक पैसा देऊ नका," ती म्हणाली. "रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, कर्ज देणाऱ्या अ‍ॅपला तुमचे नंबर बघायचा हक्कच नाही. आणि ह्या अ‍ॅपमागे कुठली बँकच दिसत नाही. आपण आत्ताच तक्रार करू." तिने सांगत सांगत तक्रार भरून घेतली.

"पाचच्या आत काही होईल?" मी विचारलं.

"पाचच्या आत नाही होणार, आत्या."

नियम माझ्या बाजूचा होता म्हणे, पण मला धीर येईना. मी घड्याळाकडे बघितलं. मग मी ह्यांना म्हटलं, "त्यांनी सांगायच्या आधी तुम्हीच सांगा."

"काय सांगू? वडिलांपासूनचे यजमान आहेत. तोंड कसं दाखवू?"

"फोनवर तोंड दिसत नाही. लावा."

पहिला फोन वाईच्या शरदिनीबाईंना. एकट्या राहणाऱ्या वृद्ध बाई. "गुरुजी? अहो, आमच्याकडची तिथी तर मार्गशीर्षात," त्या म्हणाल्या. ह्यांनी अडखळत सगळं सांगितलं.

"मला ठाऊक आहे," त्या हळूच म्हणाल्या. "परवाच मेसेज आला. तुमचा फोटो आणि खाली नको नको ते लिहिलेलं. मी जामीन आहे म्हणे."

परवाच! आणि हा मेला आम्हाला पाचची मुदत देत होता.

"मग बोलला का नाहीत?" ह्यांनी विचारलं.

"तुम्हाला अवघड वाटलं असतं. पैसे भरायची सोय खालीच होती. शेजारणीकडून भरून घेतले. सुटलात ना आता?"

त्याच वेळी ह्यांच्या हातात फोन थरथरला. तीच मागणी, आकडा आणखी फुगलेला.

हे घाईघाईने दुसरे नंबर लावू लागले. सांगलीच्या वासुदेवरावांनी भरले होते. नगरच्यांनीही. जो तो समजत होता की आपण एकट्यानेच गुरुजींची लाज राखली, म्हणून कुणी कुणाला बोललं नव्हतं. हे लोक ह्यांना चोर म्हणतील म्हणून मी दिवसभर घाबरत होते आणि त्यांचीच घरं ह्यांच्या नावाने लुटली जात होती. मला रडू फुटलं.

सुमेधाला पुन्हा फोन केला, तर ती म्हणाली, ज्यांनी भरले त्या प्रत्येकाने आपापली तक्रार करायला हवी. ह्यांनी पुन्हा वाईचा नंबर लावला.

"राहू द्या हो गुरुजी," शरदिनीबाई म्हणाल्या. "माझ्यामागे माझे दिवस काशीत व्हावेत म्हणून ते पैसे बाजूला ठेवले होते. तुमच्याच हाती यायचे होते, जरा आधी आले इतकंच."

ह्यांनी डोळे मिटले. "बाई," ते म्हणाले, "ते माझ्या हाती आले नाहीत."



"म्हणजे मेल्यांनी माझे दिवस खाल्ले," त्या म्हणाल्या. "तक्रार कुठे करायची ते सांगा, गुरुजी. मी लिहून घेते."