थेंबही न गळणारी खुर्ची

मित्रांनो, मी एक जुनी सागवानी खुर्ची आहे आणि माझा स्वभाव चिडका आहे, हे आधीच सांगून टाकते. माझा सगळा जन्म न्हाणीत गेला. लोक मला पाहून वा वा म्हणत होते तेव्हा, ज्या माणसासाठी मला बनवले त्याच्याच जिवावर मी उठले होते. ही गोष्ट आठवली की आजही माझ्या चारी पायांना मुंग्या येतात.

किहीमच्या किनाऱ्याला लागून असलेल्या कोळवाड्यात कान्हा राहत असे. एकोणीसशे चोपन्न साली डोलकाठीवर अडकलेला दोर सोडवताना तो खाली होडीच्या काठावर पडला आणि त्याचा कणा मोडला. मुंबईच्या इस्पितळात चार महिने काढून तो घरी आला. हात पूर्वीसारखेच दणकट होते, पण कमरेखाली त्याला काही कळत नव्हते. चिमटा काढला तरी नाही, ठेच लागली तरी नाही. रोज आंघोळ घाला, अंग कोरडे ठेवा, इजा झाली तरी त्याला कळणार नाही म्हणून तुम्हीच बघत जा, असे तिथल्या डॉक्टरांनी बजावून सांगितले होते.

आता आंघोळीला बसवायचे कशावर? कान्हाचा थोरला भाऊ चंदर याने ही खटपट अंगावर घेतली. चंदर मनाने चांगला होता, पण विचारायची त्याला सवय नव्हती. पहिल्यांदा न्हाणीतल्या दगडावर बसवले, तर कान्हा साबणासकट घसरला. मग शाळेतून घडीची लोखंडी खुर्ची आणली, ती कान्हाला पोटात घेऊनच मिटली. मग चंदर ज्या बंगल्याची राखण करी तिथली वेताची आरामखुर्ची आली. तिच्यात कान्हा असा रुतला की त्याला बाहेर काढायला शेजारचे दोघे बोलवावे लागले. दर वेळी चंदर नवी खुर्ची घेऊन येई आणि कान्हाला सांगे, ही बघ, ही तुला बरी. कान्हाला कधी कोणी विचारलेच नाही.

शेवटी चंदर गुणाजी सुताराकडे गेला. गुणाजी होड्या बांधणारा, त्या किनाऱ्यावर त्याच्यासारखा हात दुसऱ्याचा नव्हता. त्याने एका मोडीत निघालेल्या होडीच्या फळ्यांतून मला घडवले. मला रुंद हात दिले, उंच पाठ दिली, पाय फाकवून असे बसवले की मला कितीही ढकलले तरी मी हलायची नाही. कान्हा घसरू नये म्हणून बैठकीला चारी बाजूंनी चार बोटे उंचीचा काठ दिला. इथवर सगळे ठीक होते. पण मग त्याने जन्मभराच्या सवयीने प्रत्येक फटीत कापूस ठासला आणि वर राळ-तेलाचा लेप दिला.

मला ओटीवर मांडून त्याने वाड्यातल्या सगळ्यांदेखत कळशीभर पाणी माझ्या बैठकीत ओतले. पाणी काठोकाठ उभे राहिले. खाली एक थेंब गळला नाही. बायाबापड्यांनी तोंडात बोटे घातली आणि चंदरची छाती फुगली. मीही फुगले होते, खोटे कशाला बोलू.

खाटेवरून कान्हा म्हणाला, "पन काका, पान्याला जायला वाट कुठं हाय?"

गुणाजीचा चेहरा उतरला. "तीस वरसं झाली," तो म्हणाला, "माजी होडी कवा गळली न्हाय."

चंदरने भावाला दटावले, मोठ्या माणसाने एवढे कष्ट घेतले आणि तू खुसपटे काढतोस. कान्हा भिंतीकडे तोंड करून पडला. आंघोळीच्या खुर्चीतून पाणी जायला हवे, ही साधी गोष्ट तिथल्या एकाही शहाण्याच्या डोक्यात आली नाही. पाण्याला आत येऊ द्यायचे नाही, एवढेच त्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होते.

मग सुरू झाला रोजचा छळ. कान्हाची बायको केसर त्याला माझ्यावर बसवून ऊन पाणी घाली. पाणी माझ्यात साचे. साचले की ती काय करी? नारळाची करवंटी घेऊन कडेकडेने पाणी उपसत बसे! होडीत पाणी आले की उपसायचे, हे तिला लहानपणापासून माहीत होते. त्यात काही चुकते आहे असे तिला वाटलेच नाही. कडेचे पाणी निघे, पण कान्हाच्या खालचे तसेच राही. त्या ओल्या, टणक फळीवर बसूनच तो दाढी करी, डोके पुसून घेई. मला त्याच्या अंगाची कातडी मऊ पडत चाललेली कळत होती. त्याला कळत नव्हती. मला तोंड असते तर मी सगळा कोळवाडा डोक्यावर घेतला असता.

असे पाच महिने गेले. भाद्रपदात कान्हा तापाने फणफणला. अलिबागहून डॉक्टर आले आणि त्यांनी त्याला पालथे केले, तेव्हा बसण्याच्या जागी करवंटीएवढी जखम निघाली. केसरने तोंडाला पदर लावला. इतके दिवस सगळ्यांनी त्याचे पाय बघितले, पाठ बघितली, तिथे कोणी बघितले नव्हते. दोन महिने पालथेच झोपवा, डॉक्टर म्हणाले, वाचला तर नशीब.

माझी रवानगी परसात झाली. कोणी म्हणाले हिचे लाकूडच अवलक्षणी आहे. मी भिजत पडले. माझ्यात पावसाचे पाणी साचले आणि रोज सकाळी एक कावळा येऊन माझ्यात यथेच्छ आंघोळ करू लागला. जाता-येता सगळे ते बघत. चंदर तर एकदा हसला. त्याच्या डोक्यात काही प्रकाश पडला नाही, आणि माझा मात्र जळफळाट झाला.

ताप उतरल्यावर पालथा पडलेला कान्हा मागच्या दारातून परसाकडे बघत असे. एका सकाळी त्याने कावळ्याला पाहिले. बराच वेळ पाहिले. मग त्याने केसरला सांगून गुणाजीला आणि चंदरला बोलावून घेतले आणि कावळ्याकडे बोट केले.

"काका, होडीत पानी येऊ नये म्हून तुमी जपलात," तो म्हणाला. "माज्या खुर्चीत पानी ऱ्हाऊ नये. मी पयल्या दिवशीच इचारला होता."

परसात उतरून गुणाजीने मला उलटे केले, पाणी ओतून दिले आणि करवत आणायला गेला. स्वतःच्या हातची ती बिनचूक बैठक कापून काढताना त्याचे ओठ घट्ट मिटलेले होते. मला दुखले नाही. मला हायसे वाटले.

उरलेल्या चौकटीवर कान्हाने पालथ्या-पालथ्याच जाड मऊ सुती दोर विणला. जाळी विणण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता, पण या विणीत त्याने वरच्या बाजूला एकही गाठ येऊ दिली नाही. गाठ टोचली तरी आपल्याला कळणार नाही, हे त्याला इतर कोणाहीपेक्षा जास्त माहीत होते. आधी त्याने केसरला बसवून कुठे रुतते ते विचारले आणि दोनदा उसवून पुन्हा विणले. जखम भरायला शिमगा उजाडला. त्यानंतर आंघोळ झाली की तो लगेच अंग कोरडे करून घेई आणि दाढीच्या आरशात स्वतःची कातडी बघे. दोर दर वर्षी बदलला. माझी चौकट तीच राहिली.

बासष्ट साली गुणाजी, आता पुरता म्हातारा, दोरी घेऊन आला. उरणकडे मिठागरावर एका माणसाचा कणा मोडला होता, त्याच्यासाठी अशीच खुर्ची करायची होती. त्याने माझी उंची मोजली, रुंदी मोजली, हात मोजले आणि दोरीला तीन गाठी मारल्या.

कान्हाने जाळ्यावरून मान वर केली. "त्या मानसाला बघलात का, काका?"

गुणाजीने एकेक करून तिन्ही गाठी सोडल्या आणि मोकळी दोरी खिशात घालून तो उरणला नेणाऱ्या रेवसच्या तरीकडे चालू लागला.

मित्रांनो, मला पुसा, मला तेल लावा, असे मागणे मी मागणार नाही. मी लाकूड आहे, मी सोसेन. पण कोणासाठी काही निवडायला निघालात, तर ज्याला ते वापरायचे आहे त्याला आधी विचारा, आणि तो बोलेल ते ऐका. कान्हाने पहिल्याच दिवशी विचारले होते. उत्तर मात्र त्याला एका कावळ्याकडून मिळाले.