रिकामी चकती

सरांच्या निवृत्तीला महिना उरला होता आणि त्यांचा शेवटचा शोधनिबंध परीक्षकाच्या एका ओळीवर अडून बसला होता. कण नसलेल्या, रिकाम्या चकतीचं मोजमापही जोडा, एवढंच त्याचं मागणं. सरांनी सकाळीच तशी चकती यंत्रात ठेवून दिली होती. दुपारी त्यांची विद्यार्थिनी मोजायला बसली. प्रयोगशाळेत तिला सगळे चिवटी म्हणत, पण आज तिच्यात औषधालाही चिवटपणा उरला नव्हता. डोळे चुरचुरत होते, कंबर धरली होती.

काम होतं लोखंडाच्या ऑक्साइडच्या अतिसूक्ष्म कणांचं. सुटा कण म्हणजे इवलासा लोहचुंबकच, पण भलता विसरभोळा. बाहेरचा चुंबक काढला की आपलं तोंड कुठे होतं हेच तो विसरतो. सरांचं म्हणणं असं, की हेच कण ओळीनं, शिस्तीत मांडले तर शेजारी शेजाऱ्याला धरून ठेवतो आणि चुंबकत्व टिकतं. या म्हणण्यापायी त्यांनी उभी हयात घातली होती. थेंब वाळवून चकतीवर कण ओळीत बसवायचं किचकट काम चिवटीचं, आणि चकती चिमट्यानं उचलून यंत्रात ठेवायचा मान सरांचा. चुंबकत्व टिकल्याचं पहिल्यांदा दिसलं, तेव्हा हा अबोल माणूस चक्क शीळ घालत घरी गेला होता.

पडद्यावर आलेख उमटला आणि चिवटी खुर्चीतून पुढे वाकली. रिकाम्या चकतीतही चुंबकत्व टिकलं होतं. जिथे कणच नाहीत तिथे कोण कोणाला धरून ठेवणार, कपाळ?

या खोलीत चकतीला पोलादी चिमटा लावायचा नाही, कारण त्याचा कीस कडेला लागतो आणि मोजमापात चुंबक म्हणून मिरवतो. चिमटा प्लास्टिकचाच हवा. पण तो नेट लावून दाबावा लागतो, आणि सरांचे हात हल्ली थरथरत. ते चकती ठेवायला लागले की चिवटी मुद्दाम खिडकीकडे तोंड करायची. म्हातारपणी माणसाला कशाला ओशाळं करायचं?

आज तिनं यंत्राशेजारचा ट्रे पाहिला. त्यात पोलादी चिमटा होता.

तिनं कोरी चकती घेतली, प्लास्टिकच्या चिमट्यानं ठेवली. चुंबकत्व टिकलं नाही. मग ओळीतल्या कणांचा ताजा नमुना त्याच चिमट्यानं ठेवला. तिथेही जवळजवळ काही नाही. तिला रडूसुद्धा आलं नाही, इतकी ती थकली होती.

सर आले, मागे उभे राहून त्यांनी तिन्ही आलेख पाहिले.

"सर, चिमटा माझ्याकडूनच बदलला गेला असणार."

"उगाच पांघरूण घालू नकोस. प्लास्टिकचा हातातून निसटतो माझ्या. म्हटलं, एवढ्यानं काय होतंय." ते स्टुलावर बसले. "निबंध मी आजच मागे घेतो."

भीड भिकेची बहीण म्हणतात ते काही खोटं नाही. चिवटीला स्वतःचाच भयंकर राग आला.

"माझे हात थरथरतात, हे तुला कधीपासून ठाऊक होतं?" सरांनी विचारलं.

"खूप दिवस झाले, सर."

"मग चिमटा मागून का नाही घेतलास?" त्यांच्या आवाजात राग नव्हता. "मी दिला असता गं."