शिवणखोलीतल्या बाई

आई गेल्याचा फोन मावशीने केला. मी पोचेपर्यंत सगळं उरकलेलं होतं. उरलं होतं ते भाड्याचं घर रिकामं करणं. आईच्या वाट्याला मी नेहमी उशिराच आले, पण त्यात तिचाही हात होता.

आमच्या आईचं कामावर भारी प्रेम. गावाबाहेर एक संस्था होती, स्वतःचं स्वतः करता येत नाही अशा लहानमोठ्या माणसांना सांभाळणारी. तिथल्या शिवणखोलीत ही चादरी शिवायची, उसवलेलं सांधायची. रविवारीसुद्धा. माझ्या शाळेच्या कार्यक्रमाला वडील एकटेच यायचे आणि टाळ्या दोघांच्या वाजवायचे. माझ्या लग्नात जेवणं आटपायच्या आत हिची पिशवी काखेत. "जरा जाऊन येते गं." त्या दिवशी माझं डोकं फिरलं ते फिरलंच. पुढे माहेर मी फोनवर भागवलं. "जेवलीस का" आणि "ठेवते", एवढंच. तो राग मी नीट घडी घालून जपला होता, आणि आता तो घेऊन तिच्याच कपाटासमोर उभी होते.

कपाटात तिच्या चार साड्या, वडिलांचा स्वेटर आणि खालच्या कप्प्यात गाऊनची चळत. सगळे एकाच मापाचे. एकालाही बटण नाही, हूक नाही. गळा रुंद, डोक्यातून सहज उतरेल असा, आणि छातीवर लाल दोऱ्याचं फूल, पुढची बाजू कळावी म्हणून. असाच एक अर्धा गाऊन मशीनवर होता, सुई कापडात रुतलेली. आई एवढीशी. एकेका गाऊनमध्ये ती दोनदा मावली असती.

मावशी, म्हणजे आईची धाकटी बहीण, स्वयंपाकघरात कपबशा कागदात गुंडाळत होती.

"हे कुणाच्या मापाचे?" मी विचारलं.

"संस्थेतलं असेल काहीतरी."

"संस्थेचं काम घरी कशाला? आणि हे कापड मी पाठवलेलं आहे. पडद्यांसाठी."

मावशीने हातातली बशी खाली ठेवली. "धाकटे, बस इथे."

घरात मला सगळे धाकटी म्हणत. एकुलती एक, आणि धाकटी. लहानपणी मी विचारलं होतं, मी कुणाची धाकटी? वडील म्हणाले, आमच्या सगळ्यांची. मला ते लगेच पटलं. लाड कुणाला पटत नाहीत?

"तुझ्याआधी एक होती," मावशी म्हणाली. "होती काय, आहे. थोरली. उशिरा बसायला लागली, उशिरा बोलली, आणि बोलली तेही थोडंच. तुझ्या वडिलांना ते झेपलं नाही. तू पोटात होतीस तेव्हा तिला संस्थेत ठेवलं. ओळखीच्यांना सांगितलं, तापात गेली. मग बिऱ्हाड हलवून इथे आले."

"आणि आई गप्प बसली?"

"गप्प बसली आणि तिथेच कामाला लागली. नातेवाइकांना तिथे नोकरी देत नाहीत, म्हणून माहेरचं नाव लावलं. तिथे तिला सगळे बाई म्हणतात. तीही बाईच म्हणते."

"ती कोण?"

"तुझी बहीण गं."

मला राग आला, कारण मला तोच आधी येतो. "मला का नाही सांगितलं कुणी?"

"तुझ्या वडिलांना शब्द दिला होता तिने."

"ते जाऊनही जमाना झाला."

"मग कधी सांगायचं होतं? जेवलीस का आणि ठेवतेच्या मध्ये?"

तिने खाली ठेवलेली बशी मी उचलून कागदात गुंडाळली. मग विचारलं, "तिला कळवलंय का? आई गेल्याचं?"

"कोण कळवणार? तिला वाटत असेल, बाई रजेवर आहेत."

खरं सांगते, घराची किल्ली मावशीच्या हातात द्यावी आणि तडक स्टँड गाठावा असं वाटलं. जिला कधी पाहिलं नाही तिला जाऊन सांगायचं काय, आणि कोणत्या तोंडाने? पण आई नाही हे कळल्यावाचून कुणीतरी तिची वाट पाहत होतं. ते काही मला सहन होईना. सकाळी गाऊन पिशवीत भरले आणि निघाले.

संस्थेचा व्हरांडा नुकताच फिनेलने पुसलेला होता. एका सेविकेला मी म्हटलं, "शिवणखोलीतल्या बाईंची मी मुलगी."

ती बघतच राहिली. "बाईंना मुलगी होती? कधी बोलल्या नाहीत हो."

म्हणजे इथे मीसुद्धा लपवलेली होते. मला हसू आलं आणि रडूही.

सेविका मला शिवणखोलीत घेऊन गेली. खिडकीपाशी एक थोराड बाई बसून नॅपकिनच्या घड्या घालत होती, कडेला कड जुळवून. केस बारीक कापलेले, अंगात तसाच गाऊन, छातीवर लाल फूल. चेहऱ्यावर आईचं नाक, तसंच्या तसं.

"बाई आल्या नाहीत," ती मला म्हणाली. "बाई रोज येतात."

"हो."

"त्या आजारी आहेत?"

रस्ताभर जुळवलेली वाक्यं कुठल्या कुठे गेली. मी तिच्याजवळ बसले. "बाई आता येणार नाहीत. त्या वारल्या."

तिने घडी पुरी केली. हाताने दाबून सपाट केली. दारात सेविका उभी होती, ती निघून जाईपर्यंत थोरली तिच्याकडे बघत राहिली. मग माझी बाही धरून मला जवळ ओढलं.

"एक सांगू? कुणाला बोलायचं नाही."

"नाही बोलणार."

"त्या बाई नाहीत. ती माझी आई आहे. तिने कानात सांगितलं होतं." तिचा आवाज अगदी बारीक झाला. "कळलं तर तिला कामावरून काढतील. म्हणून मी बाई म्हणते. मी एकदापण चुकले नाही."

तिने माझ्या तोंडाकडे नीट पाहिलं.

"ती मेली ना? आता काढतील?"

"नाही," मी म्हटलं. "आता कुणी काढणार नाही."

तिने नॅपकिन बाजूला ठेवला, आणि दार उघडंच असताना, मोठ्याने हाक मारली, आई. व्हरांड्यातून सेविका धावत आली, तरी ती हाका मारतच राहिली.