चार बोटं साखर

प्रवासाला निघायचं म्हटलं की बाकीचे लोक आधी राहायची सोय बघतात. साहेबांची बायको आधी संग्रहालय बघायची. तेही राजेरजवाड्यांच्या तलवारींचं असतं तर साहेबांची काही तक्रार नव्हती. हिला हवं असायचं पेन्सिलींचं, छत्र्यांचं, बटणांचं. एकदा तर वाट वाकडी करून दोघं नुसत्या कुलपांचं संग्रहालय बघायला गेली होती, आणि नेमकं त्या दिवशी त्याला कुलूप होतं. ती पायरीवर बसून म्हणाली, "चला, एक तरी पाहायला मिळालं." साहेब रागावले होते, पण परतताना बसमध्ये त्यांनाही हसू आवरलं नाही.

या वेळी मात्र तिने मुद्दाम साहेबांच्या आवडीचं शोधलं होतं. तराजूंचं संग्रहालय. साहेब वजनमापे खात्यात निरीक्षक होते. चौतीस वर्षं दुकानोदुकानी हिंडून त्यांनी तराजू तपासले, आणि दांडीत ठोकलेल्या शिशाच्या गोळीवर आपल्या क्रमांकाचा शिक्का उमटवला. निवृत्त होऊन सात वर्षं झाली होती, तरी घरीदारी सगळे त्यांना साहेबच म्हणत आणि त्यांनाही त्यात काही वावगं वाटत नसे. भाजी घेताना ते अजूनही भाजीपेक्षा काट्याकडेच जास्त बघत. भाजीवालीच शेवटी विचारायची, "काका, भाजी नेताय की काटा?"

"आज तुमचा दिवस," बायको तिकीट हातात देत म्हणाली. "मी मुकाट्यानं मागून येते. काय सांगायचं ते सगळं सांगा."

एवढी मुभा साहेबांना लग्नानंतर पहिल्यांदाच मिळाली होती. त्यांनी तिचा पुरेपूर फायदा घेतला. सोनाराचा नाजूक काटा, टपालघरातला पत्रं तोलायचा काटा, पोती तोलायचा माणसाएवढा तराजू, प्रत्येकापुढे ते थांबले आणि प्रत्येकाबद्दल बोलले. शाळेच्या सहलीतली दोनतीन मुलं चुकून त्यांच्या मागे लागली आणि जरा वेळाने आपल्या बाईंकडे पळून गेली. बायको पळाली नाही. ती "हो का?" आणि "बाई गं!" असं आळीपाळीने म्हणत राहिली.

शेवटच्या दालनावर पाटी होती: लबाड तराजू.

"हे खरं माझं घर," साहेब म्हणाले. "तू बस जरा बाकावर. मी आधी एक फेरी मारून येतो, मग तुला समजावतो."

तिच्या गुडघ्यांना तेवढंच हवं होतं. ती बसली आणि साहेब आत शिरले. तळाशी पोखरलेली वजनं, पारड्याखाली चिकटवलेलं मेण, एक बाजू केसभर लांब असलेली दांडी. जुने चोर ओळखीचे निघावेत तसे साहेब एकेकाला पाहून मान हलवत होते. यातलं काहीही त्यांच्या नजरेतून सुटलं नव्हतं, कधीही, आणि हे ते कुणालाही सांगायला तयार असत.

कोपऱ्यातल्या काचेच्या पेटीत एक पितळी दांडी उभी चिरून ठेवलेली होती. आतून पोकळ. खाली लिहिलं होतं, की या पोकळीत पारा भरलेला असे. दुकानदार दांडी उचलताना मालाच्या बाजूला जराशी कलती करी, पारा तिकडे धावे आणि कमी माल पुरेपूर भरे. दुकान बंद झाल्यावर दुकानदाराच्या नातवाने ही दांडी संग्रहालयाला दिली. साहेबांनी वाकून दांडीवरचा शिक्का पाहिला. चष्मा पुसला. पुन्हा पाहिला.

क्रमांक त्यांचा होता.

शेवटच्या आकड्याचा टवका उडालेला होता. नोकरीच्या दुसऱ्याच वर्षी शिक्का उमटवायचा ठसा त्यांच्या हातून फरशीवर पडला होता आणि खात्याने नवा द्यायला तीन वर्षं लावली होती. तेवढ्या तीन वर्षांत त्यांनी उमटवलेल्या प्रत्येक शिक्क्याला तो टवका होता. शिक्क्याशेजारी साल होतं. त्या साली पितळी दांडी त्यांच्याकडे तपासायला एकच आली होती, बाकी सगळ्या लोखंडी. ते साल साहेबांना तोंडपाठ होतं, कारण त्या सालातली एक गोष्ट त्यांनी आजवर किमान शंभर वेळा सांगितली होती.

गोष्ट अशी. नवीन लग्न झालेलं. बायको दर महिन्याला कोपऱ्यावरच्या दुकानातून दोन किलो साखर आणायची. एके दिवशी म्हणाली, दुकानदार मापात मारतो. कशावरून? तर म्हणे, दोन किलोंत आपला डबा गळ्यापर्यंत भरायचा, आता चार बोटं रिकामा राहतो. साहेब म्हणाले, "डबा हे मान्यताप्राप्त माप नाही." तरीही कर्तव्य म्हणून गेले, भर दुकानात, गिऱ्हाइकांसमोर तराजू तपासला आणि तो तंतोतंत बरोबर निघाला! मग साहेबांनी बायकोला तिथल्या तिथे त्या सज्जन दुकानदाराची माफी मागायला लावली. "सख्खी बायको, पण नियम म्हणजे नियम!" इथे ऐकणारे हसायचे. साखरपुडा असो, बारसं असो, कुणाची निवृत्ती असो, साहेबांना गोष्टीचा आग्रह व्हायचा आणि साहेब फार आढेवेढे घेत नसत.

आता ती दांडी काचेच्या पलीकडे पोट फाडून पडली होती.

साहेबांना त्या दिवसातली एक बारीकशी गोष्ट आठवली, जी ते गोष्टीत कधी सांगत नसत. तपासणीच्या वेळी दुकानदाराने तराजूला हात लावायचा नाही, हा पहिला नियम. दांडी स्वतः उचलायची, दोन्ही बाजूंना झुकवून सोडायची, ती आपसूक सरळ झाली पाहिजे. पारा असता तर ती झाली नसती, एका अंगालाच कलून राहिली असती. पण दुकानात माणसं जमली होती. मागे बायको उभी होती. साहेब बायकोची बाजू घेतात असं कुणी म्हणू नये, याची त्यांना इतकी घाई झाली होती, की दुकानदार "मी धरतो ना साहेब" म्हणाला आणि साहेबांनी त्याला धरू दिलं. दोन्हीकडे वजनं टाकली, काटा मध्ये दिसला, ठसा काढला, हातोडी मारली.

माहितीच्या कागदावर शेवटी आणखी एक ओळ होती: 'दांडीवरील शिक्का बनावट असावा. प्रशिक्षित निरीक्षकाने अशी दांडी मंजूर करणे शक्य नाही.'

ही ओळ वाचून साहेबांना आधी हायसं वाटलं, हे कबूल केलंच पाहिजे. संग्रहालयासारखं संग्रहालय सांगतंय, आपण कोण बोलणारे?

"काय पाहताय एवढं?" बायको मागे येऊन उभी होती. तिने वाकून सगळा कागद सावकाश वाचला. "पारा! काय डोकं चालतं एकेकाचं. अहो, शिक्काही खोटा करतात?"

"करतात," साहेब म्हणाले.

"तुमच्या हातून नसता सुटला हा."

साहेब चष्मा पुसत राहिले. तिला नवल वाटलं. कौतुकाला साहेबांनी कधी दुजोरा दिला नाही असं आजवर झालं नव्हतं.

उपाहारगृहात तिने दोन कॉफ्या आणल्या. साखरेच्या दोन पुड्या तिने साहेबांपुढे ठेवल्या आणि साहेबांना त्या फोडवेनात. ती पुढच्या गावातल्या संग्रहालयाबद्दल बोलत होती. तिथे नुसते चमचे होते म्हणे, आठशे चमचे. एरवी साहेबांनी आठशे चमच्यांवर तोंडसुख घेतलं असतं. आज ते "जाऊ की" म्हणाले. तिने त्यांच्या कपाळाला हात लावून पाहिला.

"ताप नाहीये," साहेब म्हणाले. "चष्म्याचं घर आत राहिलं वाटतं. आलोच."

चष्म्याचं घर त्यांच्या खिशात होतं.

संग्रहालयाची व्यवस्था पाहणारी मुलगी त्यांच्या धाकट्या भाचीच्या वयाची होती. त्याच दालनात खुर्चीवर उभी राहून ती दिवा बदलत होती. साहेब खाली उभे राहून वर बघत म्हणाले, "त्या पाऱ्याच्या दांडीखाली चुकीचं लिहिलंय."

"काय चुकलंय, काका?"

"शिक्का खरा आहे."

ती खाली उतरली. "आम्ही तज्ज्ञांना विचारून लिहिलंय. कुठलाच निरीक्षक अशी दांडी..."

"एकानं केलीय मंजूर." साहेबांनी पेटीकडे बोट दाखवलं. "तो शेवटचा आकडा बघा. टवका उडालाय. खोटा शिक्का करणारा आकडा चांगला कोरेल, मुद्दाम तुटका कशाला करेल? तो ठसा माझ्या हातून पडला होता. क्रमांक माझा आहे."

मुलीने टेबलावरून वही ओढली. असं काही आपण होऊन सांगायला आजवर कुणी आलं नसावं. "मग मंजूर कशी झाली? म्हणजे, लिहायला हवं म्हणून विचारते."

"तपासणारा तपासत नव्हता. त्याचं आधीच ठरलं होतं."

"आणि कुणाला संशय आला नाही?"

"आला होता. रीतसर तक्रार होती," साहेब म्हणाले. "दोन किलोंत गळ्यापर्यंत भरणारा डबा चार बोटं रिकामा राहतो, अशी."

मागे पर्स खाली पडल्याचा आवाज झाला. चष्म्याचं घर शोधायला बायकोही आली होती.

तिने पर्स उचलली नाही. ती सरळ काचेच्या पेटीपाशी गेली आणि दांडीकडे बघत उभी राहिली. साहेब तिच्याजवळ गेले. बाजूला उभं राहावं की समोर, हे त्यांना कळेना.

"ही ती?" तिने विचारलं.

"हो."

"मघाशी माहीत होतं?"

"हो."

"आणि मी विचारलं तर 'करतात' म्हणालात."

"हो," साहेब तिसऱ्यांदा म्हणाले. "माझं चुकलं. मघाशीही आणि तेव्हाही."

हे शब्द साहेबांच्या तोंडून ऐकायची तिला सवय नव्हती. पण ती खूश झाली नाही. ती चिडली. "मी हात जोडले होते त्या माणसापुढे. बावीस वर्षांची होते. दुकानात सात बायका होत्या, मी मोजल्या होत्या. तो म्हणाला, जाऊ द्या वहिनी, होतं असं. आणि तुम्ही हसलात. नंतर मला वाटायला लागलं, की माझं खरंच चुकलं असेल. मी घरी येऊन डबा कितीदा मोजला असेल, तुम्हाला माहितीये?"

साहेबांना माहीत नव्हतं. त्यांना फार वाईट वाटलं आणि त्यांनी तसं सांगितलंही, पण ते फारच तोकडं होतं, हे त्यांनाही कळलं. मुलगी वही घेऊन दाराशी घुटमळत होती. तिने हळूच विचारलं, "काकू, तक्रार तुमची होती असं लिहू का?"

"लिहा," ती म्हणाली. "आणि चार बोटं म्हणून लिहा. थोडी कमी असं नको."

बाहेर आवारात एक बाक होता. दोघं तिथे बसली. साहेबांना वाटलं, निदान एक भार उतरला. तेवढ्यात ती म्हणाली, "मला सांगून काय उपयोग? डबा तर मीच मोजत होते. ज्यांना ज्यांना हसवलंत, त्यांना कोण सांगणार?"

"शंभर तरी माणसं असतील गं."

"मला कुठे घाई आहे? आपली गाडी संध्याकाळी आहे."

साहेबांनी फोन काढला. नावं वरखाली करत ते साडूंपाशी थांबले. गोष्टीला सगळ्यात मोठ्यांदा हसायचे ते साडू. दरवेळी सुरुवात करून द्यायचेही तेच. घंटी वाजत होती तोवर साहेबांनी दोनदा घाम पुसला.

"बोला साहेब! कुठवर पोचली स्वारी?"

"साडूबुवा, ती साखरेची गोष्ट आहे ना..."

पलीकडे साडू आधीच हसायला लागले. "अहो, फोनवर सांगताय? थांबा, थांबा, मंडळींना बोलावतो. अगं ए, इकडे या सगळे, साहेब गोष्ट सांगतायत!" पलीकडे खुर्च्या सरकल्या. कुणीतरी लहान मूल आधीच खिदळलं.

साहेबांनी बायकोकडे पाहिलं. ही गोष्ट सुरू झाली, की ती काहीतरी काम काढून उठून जायची, पाणी आणायला, कुणाचं बाळ घ्यायला. शंभर वेळा ती उठून गेली होती आणि एकदाही साहेबांनी ते पाहिलं नव्हतं. आता ती पदर सावरून त्यांच्या अगदी शेजारी सरकली.

"मोठ्या आवाजावर टाका," ती म्हणाली. "आणि सुरुवातीपासून सांगा. मी कधी पूर्ण ऐकलेली नाही."