तेलात पेट्रोल

पद्माकरने बाटलीचं झाकण काढून वास घेतला, आणि खात्री करायला बाटली पुन्हा नाकाशी नेली. इंजिन ऑइलला पेट्रोलचा वास येत होता.

इंग्लंडातल्या रीडिंग शहरात एका लॅबमध्ये तो बारा वर्षं बसगाड्यांचं तेल तपासत होता. अधूनमधून, जेवणाच्या सुट्टीत, स्वतःच्या गाडीचंही तपासायचा. सेकंडहँड घेतलेली, टर्बो इंजिनाची होती ती. टर्बो, म्हणजे इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा, तेलाच्या पातळशा थरावर फिरतो. तेल बिघडलं की तो गेलाच. आज इंजिनाच्या झिजेतून तेलात उतरणारं लोखंड, तांबं सगळं बेताचं निघालं, पण तेल फारच पातळ झालं होतं. पाच टक्के पेट्रोल.

पेट्रोल फवारणारा एखादा इंजेक्टर गळत असेल, असं त्याला वाटलं. शनिवारी गॅरेजात सगळे इंजेक्टर दाखवले. ते ठणठणीत होते. मग एकच कारण उरत होतं. गार इंजिन सुरू करायचं, मैलभर जायचं, तापायच्या आत बंद करायचं. असं रोज केलं की पेट्रोल तेलात उतरतं. पण रोज गाडी काढणार कोण? ऑक्टोबरात मुलगा अतुल केंब्रिजला शिकायला गेला, तेव्हापासून त्याच्या बायकोला, सुहासिनीला घराबाहेर पडावंसंच वाटत नव्हतं. रविवारची वेम्बलीच्या देशी बाजाराची फेरीसुद्धा बंद पडली होती. गाडी दारात उभी असायची आणि ती खिडकीत.

मंगळवारी तो नेहमीसारखा कामावरून बसने घरी आला. आत जाण्याआधी त्याने बॉनेटवर हात ठेवला. फेब्रुवारीच्या त्या गारठ्यात बॉनेट कोमट होतं.

म्हणजे ती गाडी काढत होती. एकटी.

सहा वर्षांपूर्वी, लायसन्स मिळालं त्याच महिन्यात, तिने जुनी गाडी दिव्याच्या खांबाला घासली होती. शेजारी बसून तो इतका ओरडला होता, की भर रस्त्यात तिने किल्ली त्याच्या हातात ठेवली. नंतर कधी मागितली नाही.

दार उघडलं.

"अहो, थंडीत काय उभे राहिलात?"

आत येऊन तो चहाला बसला. सरळ विचारलं तर ती उद्यापासून किल्लीला हात लावणार नाही, हे त्याला कळत होतं.

"गाडीचा रिपोर्ट आला," तो म्हणाला. "इंजिन छान आहे. फक्त शॉर्ट ट्रिप्स तिला सोसत नाहीत. एकदा काढली की वीसेक मिनिटं तरी चालवायला हवी. तेल नीट तापतं."

सुहासिनी कपात चमचा फिरवत राहिली. साखर केव्हाच विरघळली होती.

"आणि थांबल्यावर लगेच बंद करायची नाही. मिनिटभर चालू ठेवायची, म्हणजे टर्बो गार होतो."

"वीस मिनिटं म्हणजे कुठपर्यंत?" तिने कपाकडे बघतच विचारलं.

"हेन्ली. रस्ता सोपा आहे."

तिने बिस्किटांची बशी त्याच्याकडे सरकवली.

"हेन्लीत पार्किंग मिळतं का हो, दुपारचं?"